तिसरी डिव्हिजन

"तुमची कुठली?" शेजारी उभ्या असलेल्या माणसानं विचारलं, आणि झुम्रानं फुटबॉलच्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट करून सांगितलं, "ती. एकोणीस नंबर." त्याच्या टोपीवर कॅरोलायनातल्या एका मोठ्या विद्यापीठाचं चिन्ह होतं; तिथल्या टीमसाठी मुली हेरत फिरणारा कोच होता तो. त्यानं वहीत काहीतरी टिपलं आणि मान हलवली. मग चेंडू रेषेबाहेर गेला, तो उचलायला एकोणीस नंबरची मुलगी कडेला आली, तिनं कपाळावरचे केस मागे सारले, आणि ती झुम्राची मुलगी लामिया नव्हती. ती ब्रिन केसलर होती, लामियाच्याच टीममधली, लामियाएवढीच उंच, तशीच काळी शेपटी बांधणारी. लामिया मैदानाच्या मध्यावर उभी होती आणि तिच्या पाठीवर आठ नंबर होता. क्लबनं नवे शर्ट त्याच सकाळी वाटले होते, नंबर बदलले होते, ऊन डोळ्यांवर येत होतं. कारणं सगळी होती. 'माफ करा, चुकलं, माझी आठ नंबरची', एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आलेही. तेवढ्यात त्या माणसानं आपली घडीची खुर्ची मिटली, "छान खेळते," असं सभ्यपणे म्हटलं आणि तो पुढच्या मैदानाकडे चालू लागला. झुम्रा त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तो हाक ऐकू येण्याच्या अंतरावर होता. मग राहिला नाही.

गेली बावीस वर्षं ती ग्रॅव्हॉइस रस्त्यावरच्या लग्नाच्या गाऊनच्या दुकानात गाऊन अंगाबरोबर करून देण्याचं काम करत होती. बाई दारातून आत आली की टेप लावायच्या आधीच तिला कळायचं, डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, ही पाठीत वाकून उभी राहते, हिनं वजन उतरवायचं ठरवलंय पण ते उतरणार नाही. अनोळखी बायकांची अंगं ती अशी वाचायची, आणि जे अंग तिनं स्वतः अकरा वर्षं, दर शनिवारी-रविवारी, पावसात, धुळीत, पातळ कॉफीचा कप धरून कडेला उभं राहून पाहिलं होतं, ते तिला ओळखता आलं नाही. लामिया पळायची ती किंचित पुढे झुकून, डावा तळवा उघडा ठेवून, जसं काही पाण्याचा पेला नेतेय. आणि पळताना अखंड बोलायची. मागे बघ, सोड, माझा, माझा, शाब्बास, तुझ्या पाठीवर आहे, आता दे. लहान असताना रेफ्रीनं एकदा खेळ थांबवून विचारलं होतं, ही कोणाशी बोलतेय? झुम्राला वाटायचं, डोळे मिटले तरी आपण तिला मैदानावर शोधू. आज डोळे उघडे होते आणि मैदान गप्प होतं. आठ नंबरची मुलगी ताठ पळत होती, कोपरं अंगाशी घट्ट. कुणीतरी परकी, नीटनेटकी मुलगी. घरी जाताना गाडीत लामियानं बूट काढून पाय समोर टाकले आणि विचारलं, "तो कॅरोलायनावाला तुझ्याजवळ उभा होता ना? काय म्हणाला?" "काही नाही," झुम्रा म्हणाली, "ऊन फार आहे म्हणाला."

त्यानंतरचे तीन आठवडे ती वाईट झोपली. लामिया शाळेतून आली की आधी फोन बघायची, मेल बघायची, मग पाणी प्यायची. कॅरोलायनाहून काही येत नव्हतं. आयोवातल्या एका छोट्या कॉलेजचं मात्र पत्र आलं होतं, चक्क कागदावर हातानं लिहिलेलं, तिथल्या कोच बाईंचं. ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं, आणि ट्रक घेऊन दहा दिवस बाहेर राहून आलेल्या झुम्राच्या नवऱ्यानं, रिफतनं, ते कॉफी पिता पिता वाचलं. "तिसरी डिव्हिजन," तो म्हणाला. "आमच्या गावात तिसऱ्या लीगला कोण खेळायचं सांगू? खाटीक, पोस्टमन आणि रेफ्रीचा मेव्हणा."

"बाबो, इथे तसं नसतं," लामिया वडिलांना म्हणाली. "इथे कुणी वर-खाली जात नाही. मोठी विद्यापीठं पहिलीत, छोटी कॉलेजं तिसरीत. मधली दुसरीत."

"म्हणजे तिसरीतली टीम सगळ्या मॅच जिंकली तर दुसरीत जाते."

"नाही जात."

"आणि सगळ्या हरली तर?"

"तरी तिथेच."

रिफतनं कप खाली ठेवला. "मग खेळतात कशाला?"

लामिया हसत सुटली. तिला हसताना बघून रिफतही हसला, आपण काय विनोद केला ते न कळता. मग ती त्याला समजावत बसली. पहिलीत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते, विमानानं मॅचला नेतात, टीव्हीवर दिसतं. तिसरीत खेळासाठी काही देत नाहीत, अभ्यास चांगला असला तर त्याचं देतात, आणि मॅचला बसनं जायचं. "म्हणजे पहिलीच," रिफत म्हणाला, "विचार कसला करायचा त्यात?" आणि मग बायकोकडे वळून, "तू काय गप्प?" झुम्रा कणीक मळत होती. तिचे हात पिठात होते, त्यामुळे कुणी तिच्याकडून उत्तराची फार अपेक्षा केली नाही. तिला वाटत होतं, एकोणीस नंबर. त्या वहीत एकोणीस नंबर लिहिलाय.

आणि मग कॅरोलायनाहून भेटीचं आमंत्रण आलं. मेच्या पहिल्या आठवड्यात, आठ नंबरच्या लामियाला, पूर्ण नावानिशी. त्या लोकांकडे यादी असते, चित्रफिती असतात. कडेला उभ्या असलेल्या आईच्या बोटावर ते कशाला अवलंबून राहतील? लामियानं स्वयंपाकघरात येऊन तिला मागून मिठी मारली, तिच्या मानेत तोंड खुपसलं. झुम्राचा जीव भांड्यात पडायला हवा होता. त्याऐवजी त्या क्षणी तिला कळलं की त्या दिवशी तिनं त्या माणसाला हाक का मारली नाही. कॅरोलायना गाडीनं बारा तासांवर होतं. आयोवा पाचावर.

अठरा वर्षांची असताना तिच्या आईनं तिला एका बसमध्ये बसवलं होतं. युद्धामुळे गाव सोडणाऱ्या बायका आणि मुलं होती त्या बसमध्ये, खिडक्यांच्या काचा उघडत नव्हत्या, आणि आई खाली उभी राहून काचेवर बोटानं काहीतरी लिहीत होती. आतून ते उलटं दिसत होतं. काय लिहिलं ते झुम्राला वाचता आलं नाही. चार वर्षांनी जर्मनीत भेट झाली तेव्हा तिनं विचारलं, तर आईला काही लिहिल्याचं आठवतच नव्हतं. "अगं, काच पुसत असेन," आई म्हणाली. दूर जाणं म्हणजे झुम्राच्या डोक्यात ती बस होती. इथे या देशात मुलं अठराव्या वर्षी घर सोडतात, आईबाप गाडीत उशा आणि छोटा फ्रिज भरून त्यांना पोचवायला जातात, फोटो काढतात, परतताना वाटेत आइसक्रीम खातात. ते तिला माहीत होतं. तिनं ते शेजारणींचं पाहिलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. पण बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर झालेली ही पोर, आणि बारा तास. रिफत महिन्याचे वीस दिवस रस्त्यावर असायचा. अकरा वर्षं झुम्राचं आयुष्य म्हणजे पुढच्या सीटवर ती आणि शेजारी चिखलाच्या बुटांची, संत्रं सोलून खाणारी, सालं दारातल्या खणात कोंबणारी, सगळ्या जगाबद्दल मत असलेली लामिया. त्या गाडीच्या पुढे तिनं कधी काही पाहिलं नव्हतं.

कॅरोलायनाला दोघीच गेल्या. मैदान इतकं हिरवं होतं की झुम्रानं वाकून हात लावून बघितला. कपडे बदलायच्या खोलीत प्रत्येकीच्या कपाटावर नाव आणि दिवा. टोपीवाला कोच मोकळा माणूस होता, त्यानं काही लपवलं नाही. टीममध्ये चौतीस मुली असतात, तो म्हणाला, मॅचला चौदा-पंधरा खेळतात. पहिल्या वर्षी तू शिकशील, दुसऱ्या वर्षी बघू. शिष्यवृत्ती आत्ता नाही, जागा आहे. "काय शिकायचंय?" त्यानं विचारलं. "भूगर्भशास्त्र," लामिया म्हणाली, आणि झुम्राला ती सहा वर्षांची दिसली, खिशात गोटे भरून आल्यामुळे पँट खाली ओढली जात असलेली. कोच म्हणाला, "त्यात सहली फार असतात ना? आठवड्याच्या शेवटी आम्ही बहुतेक विमानात असतो. आमच्या मुली साधारण असं काहीतरी घेतात जे बसतं." "हो," लामिया म्हणाली, "बघीन मी." गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली एक तिसऱ्या वर्षाची मुलगी त्यांना वसतिगृह दाखवायला आली. गोड मुलगी. झुम्रानं तिला सहज विचारलं, या वर्षी किती मॅच खेळलीस, आणि तिनं तितक्याच सहज सांगितलं, "मी सरावात असते. पण सराव फार वरच्या दर्जाचा असतो आमचा." लामिया तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होती. परतीच्या सगळ्या वाटेवर ती म्हणत होती, मैदान बघितलंस? दिवे बघितलेस? आणि झुम्रा म्हणत होती, बघितले. खरंच सुंदर होते. तिला ते वाईट दिसावेत असं वाटत होतं आणि ते सुंदर होते.

आयोवाला त्या सप्टेंबरात गेल्या. मक्याच्या शेतांना लागूनच मैदान होतं, एका बाजूला लाकडी बाकांच्या चार ओळी, आणि साठीच्या आसपासची एक बाई शिडीवर चढून गोलाची जाळी बांधत होती. त्याच कोच वेस्टरगार्ड, पत्र लिहिणाऱ्या. त्यांनी लामियाला सरावात घेतलं. झुम्रा बाकावर बसली. तासाभरानं मक्याच्या बाजूनं वारा सुटला आणि वाऱ्याबरोबर लामियाचा आवाज येऊ लागला, माझा, माझा, सोड, मागे बघ, आणि एक जाडसर लालकेसाची मुलगी तिला म्हणत होती, "कळलं गं बाई, कळलं." झुम्रानं पर्समध्ये रुमाल शोधला. सापडला नाही. नंतर कोच बाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या, हातात अजून दोरीचा तुकडा.

"तू इथे पहिल्या दिवसापासून खेळशील," त्या लामियाला म्हणाल्या. "मला तू हवी आहेस, हे मी उघडच सांगते. पण तिकडे बाकावर बसावं लागेल या भीतीनं इथे येत असशील तर येऊ नकोस. अशा मुली दुसऱ्या वर्षी माझ्यावर चिडतात."

"मला नाही माहीत मी कशानं येईन," लामिया म्हणाली.

"मग कळलं की फोन कर. घाई माझी आहे, तुझी नाही."

परतताना गाडी लामिया चालवत होती. हन्निबाल गावाच्या अलीकडे नदी दिसू लागली तेव्हा झुम्रानं, रस्त्याकडे बघत, सांगून टाकलं. तो टोपीवाला, एकोणीस नंबर, ब्रिन. "मी तुला ओळखलं नाही," ती म्हणाली. लामियानं आरशात बघितलं, मग पुन्हा रस्त्याकडे. म्हणाली, "मी त्या दिवशी ब्रिनसारखीच खेळत होते. क्लबच्या कोचनी सांगितलं होतं, मोठ्या कॉलेजवाल्यांना शांत, ताठ मुली आवडतात. तू चुकली नाहीस. सगळ्यात बरोबर तूच बघितलंस." तिथे थांबता आलं असतं. मुलीनं सोडलं होतं, ते तसंच राहू देता आलं असतं. पण झुम्राला अर्धवट उसवलेली शिवण बघवत नसे. "कळल्यावरही मी त्याला सांगितलं नाही," ती म्हणाली. "वेळ होता. मला वाटलं, नाही लिहिला तुझा नंबर तर बरं."

"का?"

"लांब आहे ते."

"पहिलं ठीक आहे, आई," लामिया म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि तो मैदानावरचा शांतपणा नव्हता. "हे दुसरं वाईट केलंस. आता मला कळणारच नाही, मी कुठेही गेले तरी, की मी ठरवलं की तू." झुम्रा हो म्हणाली. माफ कर म्हणाली. लामियानं मान हलवली, पण ती माफीची नव्हती, ऐकल्याची होती.

दोन दिवस घरात हो, नाही, जेवले, एवढंच चाललं. रिफतचा नेब्रास्कातून फोन आला, त्यानं विचारलं, "काय गं, कोणी मेलंय का घरात? दोघींचे आवाज असे का?" तिसऱ्या दिवशी दुपारी लामिया दुकानात आली. झुम्रा एका गाऊनची किनार हातानं टाचत होती, तोंडात टाचण्या. लामिया गिऱ्हाइकांना उभं करायच्या गोल चौथऱ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मी आयोवाला जाणार."

झुम्रानं टाचण्या तोंडातून काढल्या. "माझ्यासाठी नको जाऊस."

"तुझ्यासाठी कोण जातंय? ऐकून तरी घे. त्या बाईंनी विचारलं ना, भीतीनं येतेस का. मी दोन दिवस तेच बघत होते. भीती वाटते मला. पण बाकाची नाही. बाकावर मी चार वर्षं बसेन, त्यात काय. मला भीती वाटते की गप्प बसायची सवय लागेल. खेळात, वर्गात, मग सगळीकडेच. तिकडे मी हो म्हणाले ना, बघीन मी म्हणाले, भूगर्भशास्त्र सोडून दुसरं काहीतरी बघीन. माझं मलाच ऐकून कसंतरी झालं." मग ती थोडी हसली. "आणि दिवे फार सुंदर होते. त्याचं वाईट वाटतंय. ते वाटू दे मला."

कॅरोलायनाला फोन करताना तिनं तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. झुम्रा समोर बसली. कोच चांगला वागला, कळवल्याबद्दल आभार मानले, शुभेच्छा दिल्या. मिनिटभरात फोन संपला. "एवढंच?" लामिया म्हणाली, आणि रडायला लागली, सहा वर्षांच्या मुलीसारखी, नाक पुसत, आवाज करत. झुम्रानं तिच्या पाठीवर हात ठेवला, मग काढला, मग पुन्हा ठेवला. त्या हाताला तिथे राहण्याचा हक्क उरलाय की नाही, तिला ठरवता येईना. रिफतला कळवलं तेव्हा तो ट्रक थांबवून कुठेतरी जेवत होता. त्यानं हातातला घास संपवला. मग विचारलं, "ऐंशी नंबरच्या हायवेपासून किती आत आहे ते?"

"वीस मिनिटं, बाबो."

"वीस." चमचा बशीवर आपटल्याचा आवाज. "मी महिन्यातून दोनदा जातो त्या रस्त्यानं. बरं. पण पोस्टमन वगैरे नाहीत ना टीममध्ये, ते बघून घे."

ते वर्ष झुम्राचं विचित्र गेलं. लामिया पुन्हा पूर्वीसारखी झाली, संत्र्याची सालं पुन्हा दारातल्या खणात येऊ लागली, आणि ती सालं काढताना झुम्राला प्रत्येक वेळी वाटायचं, ही माझ्यासाठीच थांबली. चांगल्या मुली आईचं मन राखतात आणि त्याला दुसरं कारण शोधून देतात. तिनं स्वतः तेच केलं असतं. दुकानात गाऊन टाचताना, भाजीच्या रांगेत, ऑगस्टमध्ये गाडीत उशा आणि छोटा फ्रिज भरताना, तो विचार कपड्यात राहिलेल्या टाचणीसारखा कुठेतरी असायचा, वळलं की लागायचा. वसतिगृहाच्या दारात लामियानं तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "जा आता, नाहीतर मी रडेन." झुम्रा गेली. वाटेत आइसक्रीम घेतलं, अर्धं खाल्लं.

ऑक्टोबरच्या मध्यावर कॉलेजला चार दिवसांची सुट्टी होती. टीम तोवर तीन मॅच जिंकली होती आणि सहा हरली होती. लामिया सगळ्या नऊ मॅच खेळली होती. रिफतनं मुद्दाम ते दिवस मोकळे ठेवले. झुम्रानं शुक्रवारी सुट्टी काढली, सकाळपासून टेबलभर कणकेचा पापुद्रा ओढत राहिली, इतका पातळ की खालचं लाकूड दिसावं, आणि त्यात पालकाची भाजी भरून 'पिता' या त्यांच्या गावाकडच्या भाजलेल्या पदार्थाचं मोठं तबक ओव्हनमध्ये ठेवलं. अकराच्या सुमारास फोन आला.

"आई, रागावणार नाहीस ना? मी येत नाहीये."

"बरी आहेस ना?"

"बरी म्हणजे काय, मस्त आहे. अगं, उद्या मॅच आहे, ती संपली की निघणार होते, ते तर माहीतच आहे तुला. पण परवा आमचे सर नदीकाठच्या दरडींकडे नेतायत, फक्त पाच जणांना, त्यात पहिल्या वर्षाची मी एकटी. आणि सोमवारी मॅगीच्या घरी. ती लालकेसाची. त्यांच्याकडे शेळ्या आहेत आणि तिचा भाऊ म्हणे ट्रॅक्टर शिकवणार आहे. मी पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत येते. आई? ऐकतेस ना? मला पळायला हवं, सगळ्या खाली थांबल्यात."

"पळ," झुम्रा म्हणाली.

ती खुर्चीवर बसली आणि दुखायची वाट बघू लागली. दुखलं, थोडं, अपेक्षेच्या जागीच. पण त्याच्या शेजारी आणखी काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे समजायला तिला ओव्हनची घंटा वाजेपर्यंतचा वेळ लागला. आईचं मन राखायला जवळ राहिलेली मुलगी चार दिवसांच्या सुट्टीत घरी आली असती. शेळ्या बघायला गेली नसती. झुम्रानं हातमोजे घालून तबक बाहेर काढलं, सुरीनं मोठे चौकोन कापले; वाफ तिच्या चष्म्यावर बसली आणि ती तशीच, काही न दिसता, उभी राहिली.

रिफत दारात आला. "येत नाही?"

"नाही येत."

"पाच तास तर आहेत सगळे."

"हो ना."

"मग हसतेस काय?"

तिनं चष्मा पुसला, त्यातला सगळ्यात मोठा चौकोन उचलून त्याच्या ताटात घातला आणि खुर्ची पुढे सरकवली. "बस," ती म्हणाली. "गरम आहे, खा."